केळुसकरबाईंचे मुदतीआधीचे हप्ते

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीला पन्नास वर्षं झाली म्हणून एक स्मरणिका निघाली. गुळगुळीत कागद, आत बिल्डरांच्या आणि पोळीभाजी केंद्रांच्या जाहिराती, आणि तिसऱ्या पानावर माझा लेख. जुन्या पदाधिकाऱ्यांपैकी मी एकटाच हयात, म्हणून तो माझ्याकडून लिहून घेतला. त्यात मी लिहिलं आहे की, संस्थापक अध्यक्ष भाऊसाहेबांच्या दूरदृष्टीमुळे संस्थेच्या कर्जाचा एकही हप्ता कधी चुकला नाही.

हप्ता चुकला नाही, हे खरं. दूरदृष्टी मात्र नऊ नंबरच्या घरातल्या केळुसकरबाईंची होती आणि ती आम्ही त्यांना न विचारता वापरली. माझं वय आता ब्याऐंशी आहे. ज्यांची भीड धरायची ते सगळे गेले. त्यामुळे आता खरं लिहायला काही धैर्य लागत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कोणीतरी कौतुक करायचं.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली पाच-सहा वर्षं. भाताची खाचरं भरून आम्ही सोळा घरं बांधली. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, आणि सगळ्यांत मिळून एक विहीर. मुंबईच्या एका कर्ज देणाऱ्या संस्थेने पैसे दिले, पण सोळा जणांना वेगवेगळे नाही. सोळा घरं मिळून एकच गहाणखत, मुदत वीस वर्षं. प्रत्येकाने महिना चाळीस रुपये माझ्याकडे द्यायचे आणि मी सहामाहीला सगळ्यांचे एकत्र भरायचे. एकाने दिले नाहीत तर नोटीस सोळा जणांना; कोणी जादा भरले तर ते त्याच्या मुद्दलात वळते करायचे, आणि ज्याचं फिटेल त्याचं घर गहाणातून मोकळं. मी मानद चिटणीस होतो. मानद म्हणजे पगार नाही आणि जाबही नाही.

गहाणखतावर सह्या झाल्या त्या दिवशी भाऊसाहेबांनी पेढे वाटले. सगळे पुरुष आपापल्या घराच्या पायावर मालकासारखे उभे होते. केळुसकर शहाडच्या एका गिरणीच्या हिशेबखात्यात कारकून. मवाळ, दम्याचा माणूस. त्यांच्या मागे त्यांची बायको उभी होती. उंच, काटकुळी, हातात दोन पाटल्या. तिने पेढा पदराच्या टोकाला बांधला आणि भाऊसाहेबांना विचारलं, "यांची नोकरी राहिली बारा वर्षं. कर्ज वीस वर्षांचं. मधली आठ वर्षं कोण भरणार?"

भाऊसाहेब हसले. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आणि हसून प्रश्न मिटवायची त्यांना सवय होती. म्हणाले, "वहिनी, तोवर देव काहीतरी करील."

"देवाने कागदावर सही केलेली नाही," बाई म्हणाल्या.

आम्ही हसलो. गंमत अशी की आम्हां सोळांपैकी तेरा जणांची गत तीच होती. बहुतेकांनी चाळिशी ओलांडलेली, पंचावन्नाला निवृत्ती, आणि कर्ज मात्र साठीच्याही पुढे चाललेलं. सगळे मॅट्रिक तरी होतेच, चौघे पदवीधर. दिवसभर कचेरीत दुसऱ्यांच्या बेरजा तपासणारी ही माणसं. ही वजाबाकी एकानेही केली नव्हती. मीही नाही.

बाईंनी केली होती. चाळीसऐवजी छप्पन्न रुपये भरले तर बारा वर्षांना दोन महिने कमी असतानाच कर्ज संपतं, हे त्यांनी नवऱ्याकडून व्याजाचं कोष्टक मागवून काढलं होतं. त्यांना एवढंच हवं होतं: शेवटच्या पगाराच्या दिवशी घर मोकळं असावं आणि फंडाची रक्कम शाबूत असावी. बाकी मग आमटी पातळ झाली तरी चालेल. पगार एकशे नव्वद. त्यातून ते वरचे सोळा रुपये त्या कशा काढीत, याच्या कथा पुढे आमच्या सोसायटीत गणपतीच्या आरत्यांसारख्या सगळ्यांना पाठ झाल्या.

एक तारखेला पगार होई. केळुसकर घरी पोचले की बाई रुमालात छप्पन्न रुपये गुंडाळून माझ्या ओट्यावर हजर. वाणी, दूधवाला, शाळेची फी, सगळं त्यानंतर. "आधी घराचा, मगे पोटाचा," असं त्या मालवणीत म्हणत. माझी बायको सुधा घरखर्चाचे डबे करी. धान्याचा, औषधाचा, सणाचा. बाईंनी एकदा ते डबे पाहिले आणि म्हणाल्या, "डबे केले की प्रत्येक डब्याला वाटतं आपण भरलेलं असावं."

त्यांच्या घरी एकादशीला साबुदाणा शिजत नसे. बाकीच्या पंधरा घरांत त्या दिवशी खिचडी, दाण्याची आमटी, रताळ्याच्या फोडी. बाईंचं म्हणणं असं की उपास म्हणजे न खाणं. ज्या दिवशी रोजच्यापेक्षा दुप्पट खर्च होतो त्याला निदान सण तरी म्हणावं. पाहुण्याला चहा नाही, कोकमाचं पाणी; कोकम माहेरून येई. वीज आली तेव्हा त्यांनी दोन खोल्यांमधल्या भिंतीत वर एक चौकोनी भोक पाडून घेतलं आणि त्यात एकच दिवा लावला. इकडेही अर्धा, तिकडेही अर्धा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका वाण म्हणून कंगवे, आरसे, प्लास्टिकच्या वाट्या लुटत. बाईंनी कागदाच्या पुड्यांत पडवळाच्या आणि घोसाळ्याच्या बिया बांधून दिल्या. सगळ्याजणी फाटकाबाहेर येईपर्यंत कसंबसं हसू दाबून होत्या. सुधाने ती पुडी परसात भिरकावली. पावसाळ्यात आमच्या कुंपणावर घोसाळी लोंबली. ती आम्ही खाल्ली, पण हसायचं थांबवलं नाही.

नवे पैसे आले तेव्हा तर कहरच झाला. एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, पण तीन आण्यांचे एकोणीस. तीन आण्यांची वस्तू घ्यायची तर बाई आधी दोन आण्यांची घेत, दुकानाच्या पायऱ्या उतरत, पुन्हा चढत आणि एका आण्याची घेत. अठरा पैशांत काम. वाणी हात जोडून म्हणे, बाई, तो एक पैसा मी तुम्हांला आंदण देतो, पण पायऱ्या चढू नका. त्या म्हणत, आंदण नको, हिशेब हवा.

पुरुषमंडळींनी त्यांना 'वजाबाई' नाव ठेवलं. ठेवलं कोणी, तर मी. एका गणेशोत्सवात मी त्याच नावाचा छोटा फार्सही लिहिला. लुगडं नेसलेल्या एका कारकुनाने बाईंची उंच मान आणि रुमाल हुबेहूब उचलला. भाऊसाहेबांना हसताना ठसका लागला. केळुसकर खाली मान घालून बसले होते. बाई मात्र पहिल्या रांगेत, शेवटपर्यंत, डोळे बारीक करून बघत होत्या. प्रयोग संपल्यावर त्या माझ्याकडे आल्या. मला वाटलं आता भांडण. म्हणाल्या, "देवधर भावजी, तुमच्या नाटकातली बाई महिन्याला नऊ रुपये वाचवते. मी सोळा वाचवते. लोकांना चुकीचं सांगू नका."

आता त्या सोळा रुपयांचं मी काय करत होतो, ते सांगतो.

दुसऱ्याच सहामाहीला हप्ते थकू लागले. पाच घरं मागे. सर्वांत मागे स्वतः भाऊसाहेब, सात महिने. त्यांनी त्याच वर्षी मुलाची मुंज केली होती. तीनशे पान, जिलबी, कल्याणहून सनई-चौघडा. अंगारकीला मित्रमंडळींना स्वखर्चाने टिटवाळ्याला नेत. नियम असा होता की तीन महिने थकले की त्या सभासदाचं नाव विहिरीजवळच्या फळ्यावर लिहायचं. मी भाऊसाहेबांकडे गेलो आणि आडून आडून विषय काढला. त्यांनी मला पानाचं तबक पुढे केलं. म्हणाले, "देवधर, माझं नाव फळ्यावर? जमीन कोणी मिळवून दिली या लोकांना?" मग जरा थांबून म्हणाले, "केळुसकरांचे जादा पैसे पडलेत ना तुझ्याकडे? तेवढ्याने खड्डा बुजव. पुढे वळते करू. तिला काय, तेवढीच शिल्लक."

मी विडा घेतला. दुसऱ्या दिवशी वहीत केळुसकरांच्या नावाखाली सोळा रुपये 'अनामत' म्हणून लिहिले. मुद्दलात नाही. म्हणजे त्यांचं कर्ज चाळीसच्याच गतीने उतरत राहिलं, व्याज पूर्ण लागत राहिलं, आणि त्यांच्या सोळा रुपयांतून भाऊसाहेबांचा आणि आणखी चौघांचा हप्ता मुंबईला जात राहिला. जे कमी पडे ते मी दुरुस्ती निधीतून उचली. चोर होतो का? खिशात एक पैसा घातला नाही. आमच्यासारख्यांचा हाच मोठेपणा असतो. आम्ही खिशात घालत नाही, भिडेपोटी दुसऱ्याच्या खिशातला काढून तिसऱ्याच्या खिशात घालतो आणि स्वतःला निःस्पृह म्हणवून घेतो.

पाच वर्षं हे चाललं. बाई दर वर्षी विचारत, व्याज किती उतरलं? मी सांगे, शेवटी एकदम हिशेब होतो, पद्धतच तशी आहे. 'पद्धत' म्हटलं की त्या गप्प बसत. कागदावरच्या पद्धतीला त्या फार मान देत. मी त्याचा फायदा घेतला.

मग एका पावसाळ्यात केळुसकरांचा दमा वाढला. गिरणीच्या डॉक्टरांनी सांगितलं की नोकरीची उरलेली सात वर्षं काही निघत नाहीत, दोन-तीन निघाली तर पुष्कळ. बाई भर दुपारी माझ्याकडे आल्या. रविवार होता, मी घरी होतो. त्या म्हणाल्या, आज नक्की किती बाकी आहे तो आकडा द्या. पाटल्या मोडायच्या की नाही ते त्यावर ठरवते.

मी उद्या सांगतो म्हणालो. त्या ओट्यावरच बसल्या. "वही इथेच असते ना? मी थांबते."

वही आणून देण्यावाचून इलाज नव्हता. त्यांनी चष्मा लावला, ओठ हलवत पानं वाचली. साठ वेळा सोळा, साठ वेळा 'अनामत'. मग भाऊसाहेबांचं पान उघडलं, आणखी चौघांची उघडली. कोणी न सांगता त्यांनी जमा आणि नावे जुळवून पाहिलं. सुधा आतून कोकमाचं पाणी घेऊन आली आणि दारातच थबकली.

"म्हणजे त्या मुंजीत यजमान मी होते," बाई म्हणाल्या. "आणि मी वेडी नारळ घेऊन आहेराला गेले."

मी म्हणालो, "वहिनी, पैसे बुडालेले नाहीत. अनामत आहेत."

"भावजी, तुम्ही पदवीधर आहात. पाच वर्षं माझ्या पैशांनी भाऊसाहेबांचं व्याज वाचलं आणि माझं चढलं. ह्याला तुमच्या कॉलेजात काय म्हणतात?"

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली, आणि जाताना सांगितलं की यापुढे नऊ नंबरचा हप्ता येणार नाही. माझ्या अनामतीतून दोन वर्षांचे हप्ते निघतात, ते तुम्ही भरा.

हिशेबाने त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. नऊशे साठ रुपये, चाळीसप्रमाणे चोवीस हप्ते. पण ते पैसे होतेच कुठे? भाऊसाहेबांच्या जिलबीत गेले होते. छप्पन्न रुपये यायचे बंद झाले आणि पुढची सहामाही तोंडावर आली. समिती भाऊसाहेबांच्या घरी बसली. पाच थकबाकीदारांपैकी तिघे समितीतच होते. मुंबईची नोटीस येणार म्हणून सगळे घाबरलेले. एकाने सुचवलं, थकलेल्या पाच जणांनी निदान निम्मे भरावेत. त्याच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं की जणू त्याने पंगतीत पादत्राणं आणली. भाऊसाहेब म्हणाले, नियम म्हणजे नियम. केळुसकरांचे तीन महिने झाले. नाव फळ्यावर लिहा.

जो नियम पाच वर्षं कोणाला लागला नाही, तो आमच्याकडे सर्वांत जास्त पैसे भरलेल्या माणसाला लागला. आणि ते नाव मी लिहिलं. माझं अक्षर वळणदार म्हणून प्रसिद्ध होतं आणि त्या दिवशीही ते वळणदारच आलं. 'श्री. केळुसकर, घर क्र. ९, थकबाकी तीन महिने.'

बाई फळ्याला भ्यायल्या नसत्या. त्या घागर घेऊन विहिरीवर आल्या, वाचलं, पाणी भरलं आणि गेल्या. शेजारणींना वाटलं आता खजील होईल. त्या म्हणाल्या, लिहू देत, खडू संस्थेचा आहे. आणखी दोन महिने त्या अशाच टिकल्या असत्या तर नोटीस आली असती, भाऊसाहेबांना पैसे काढावे लागले असते आणि सगळं उघडं पडलं असतं. त्यांना ते ठाऊक होतं. भाऊसाहेबांनाही होतं. म्हणूनच फळा. तो बाईंसाठी नव्हता, केळुसकरांसाठी होता.

केळुसकर संध्याकाळी शहाडहून आले आणि फळ्यापुढे उभे राहिले. वीस वर्षांच्या नोकरीत ज्याला एक मेमो मिळाला नव्हता असा माणूस. घरी जाऊन ते बायकोला एवढंच म्हणाले, "अगो, आपला नाव फळ्यार लिवल्यानी." हे मला फार पुढे त्यांच्या मुलीकडून कळलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी गिरणीच्या पतपेढीतून बायकोला न सांगता कर्ज काढलं आणि तीन महिन्यांचे हप्ते माझ्या हातात आणून दिले. पावती मागितली नाही. नाव पुसा, म्हणाले. मी पुसलं.

बाईंच्या हातातला एकमेव हुकमी पत्ता असा नवऱ्याच्या अब्रूने फेकून दिला. त्यावर त्या नवऱ्याला बोलल्या असतील तर ते चार भिंतींतच. बाहेर काही ऐकू आलं नाही. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला त्या रुमाल घेऊन माझ्या ओट्यावर आल्या. छप्पन्नच रुपये. फक्त आता पावतीवर 'मुद्दलापोटी' हा शब्द मी लिहीपर्यंत त्या हलत नसत.

पण दोन कर्जं एका पगारातून कशी निघणार? त्यांची मुलगी कुसुम मॅट्रिकला चांगल्या गुणांनी पास होऊन माटुंग्याच्या कॉलेजात जात होती. दुसऱ्या वर्षाला तिचं नाव काढलं. टायपिंग शिकून ती कल्याणच्या एका वकिलाकडे नोकरीला लागली. आमच्यात पुन्हा चर्चा: वजाबाईने पोरीलाही वजा केलं. त्या चर्चेत मीही होतो. हसलो नाही, एवढंच. पण तोंड उघडून कोणाला सांगितलंही नाही की मुलीची फी कुठे गेली ते मला माहीत आहे.

अडकलेले नऊशे साठ रुपये मुद्दलात वळते व्हायला आणखी अठरा महिने लागले. भाऊसाहेबांनी आपलं देणं भरलं, तेही बायकोच्या भावाकडून उसने घेऊन. आणि त्या दिवशी सभेत स्वतःच्या सचोटीवर दहा मिनिटं बोलले. टाळ्या पडल्या.

केळुसकर मुदतीआधीच निवृत्त झाले. फंडातला मोठा भाग आणि दोन्ही पाटल्या घालून बाईंनी उरलेलं सगळं कर्ज एका दमात भरलं. सोळा घरांतलं पहिलं मोकळं झालेलं घर. शेवटच्या पगाराच्या दिवशी घर मोकळं, हे त्यांनी करून दाखवलं. फंड शाबूत, हे त्यांना जमलं नाही. ते न जमण्याला कारण मी.

बेबाकीचा दाखला घ्यायला त्या आल्या तेव्हा हात मोकळे होते. दाखला त्यांनी उभ्याउभ्या दोनदा वाचला, घडी घातली. मग कमरेची एक चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. जुन्या पंचांगाच्या पानाच्या पाठीवर, बारीक अक्षरात, साडेसहा वर्षांचं कोष्टक. प्रत्येक महिन्याचे सोळा रुपये, ते वेळेवर मुद्दलात गेले असते तर वाचलं असतं ते व्याज, आणि खाली बेरीज: दोनशे बारा रुपये सहासष्ट नवे पैसे. केळुसकरांच्या एका महिन्याच्या पगाराहून थोडी जास्त.

मी म्हणालो, वहिनी, संस्थेकडे आता एवढे पैसे...

"पैसे मागत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही तपासा. बरोबर असेल तर खाली 'बरोबर' असं लिहून सही करा. चूक असेल तर चूक दाखवा."

"कशाला पण?"

"यांना दाखवायचंय. यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं म्हणून नाव लागलं."

मी म्हणालो की अध्यक्षांना विचारावं लागेल. त्या म्हणाल्या, बेरजेला अध्यक्ष कशाला लागतो? तरीपण चिठ्ठी ठेवून गेल्या. चार दिवसांनी येते, म्हणाल्या.

भाऊसाहेबांना मी विचारलंच नाही. त्यांचं उत्तर मला ठाऊक होतं, आणि माझंही. चौथ्या दिवशी बाई पायऱ्या चढताना दिसल्या तेव्हा मी सुधाला सांगितलं, घरात नाही म्हण. मी माजघराच्या दाराआड उभा राहिलो. सुधाने तसं सांगितलं. फटीतून मला बाई दिसत होत्या. त्यांची नजर सुधाच्या तोंडावर नव्हती. ती खाली उंबऱ्याजवळ, माझ्या वहाणांवर होती. मला एकच जोड होता हे सगळ्या सोसायटीला माहीत होतं. त्या वहाणांकडे त्यांनी पुरेसा वेळ पाहिलं, मग सुधाला म्हणाल्या, "असू दे हो. मी आले होते म्हणून सांगा." आणि पदर सारखा करून त्या पायऱ्या उतरल्या. माझ्या घराच्या पायऱ्या त्या पुन्हा कधी चढल्या नाहीत. केळुसकर पुढल्या वर्षी गेले.

ती चिठ्ठी मी, ज्या दिवशी त्या ठेवून गेल्या त्याच दिवशी, दार लावून तीनदा तपासली होती. दोनशे बारा रुपये सहासष्ट नवे पैसे.

बरोबर.